गोव्यात ऑनलाइन वाईन क्लबची वर्गणी: पैसे भरण्याआधी काय तपासावं?

मांडवीकाठ (धागाकर्ता)

"दर महिन्याला सहा बाटल्या घरपोच, पहिली पेटी निम्म्या किमतीत, कधीही बंद करा" अशा जाहिराती हल्ली फोनवर सतत दिसतात. गोव्यातून चौकशी करणाऱ्यांपुढे तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांची गल्लत होते. पहिली, विलायत-अमेरिकेतले क्लब. आपले भाऊ-बहीण, मुलं तिथे असतात आणि आपल्याला सल्ला विचारतात. दुसरी, मुंबई, पुणे, बेंगळुरूच्या संकेतस्थळांच्या किंवा वायनरींच्या योजना. तिसरी, इथल्याच परवानाधारक दुकानांनी नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी सुरू केलेली मासिक पेटी.

या धाग्यात नुसतं "छान आहे" किंवा "फसवणूक आहे" असं नको. पैसे कसे कापले जातात, बाटली कशी येते, खराब निघाली तर भरपाई कशी मागायची, बंद कसं करायचं, हे नेमकं लिहा. चवीची चर्चा शेवटी करू.

गल्लेवाला फोंडा

सुरुवात कायद्यापासून करावी लागेल, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे. दारू हा राज्यांचा विषय आहे, घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत आठवी नोंद. म्हणून प्रत्येक राज्याचं अबकारी खातं वेगळं, कर वेगळा आणि लेबलाची नोंदणीही वेगळी. गोव्यात १९६४ चा अबकारी कायदा लागू आहे. वायनरी नाशिकची असो की इटलीची, तिचं प्रत्येक लेबल इथे नोंदवावं लागतं, त्याची फी भरावी लागते आणि माल आयात परवान्यावर आणावा लागतो. वर्षाला चाळीसपन्नास पेट्या खपणाऱ्या लेबलासाठी हा खर्च कोणी करत नाही. संकेतस्थळावर दिसलेली सुंदर बाटली पणजीत का मिळत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

त्यामुळे क्लब परराज्यातला असेल तर पहिला प्रश्न हा विचारायचा: "गोव्यात माल कोणत्या परवान्यावर देणार आणि बिल कोणाच्या नावाचं येणार?" बिलावर गोव्यातल्या परवानाधारकाचं नाव आणि परवाना क्रमांक हवा. बाटलीवर "फक्त गोव्यात विक्रीसाठी" असा उल्लेख आहे का ते पाहा. दुसऱ्या राज्याचा शिक्का असलेली बाटली कुरिअरने आली तर ती आयात परवान्याशिवाय आलेली आहे. अडचण फक्त विकणाऱ्याची होत नाही, माल ताब्यात असणाऱ्यालाही विचारणा होऊ शकते.

काही जण "काचेचं सामान" किंवा "व्हिनेगर" असं लिहून पार्सल पाठवतात. असा क्लब तिथल्या तिथे सोडा. वाटेत बाटली फुटली तर कुरिअर कंपनी भरपाई देत नाही, कारण माल खोटा जाहीर केलेला असतो.

वयाची अट गोव्यात २१ वर्षांची आहे. पेटी घेताना ओळखपत्र मागितलं तर रागावू नका, न मागणाऱ्याबद्दलच शंका घ्या. निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास विक्रीला बंदी असते. त्या तारखांच्या आसपास पेटी लांबली तर तो विक्रेत्याचा दोष नाही.

हिशेबनीस

कराबद्दल एक गोष्ट जोडतो, कारण बिलं वाचताना लोक गोंधळतात. पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहे. तिच्यावर राज्याचं अबकारी शुल्क आणि व्हॅट लागतो. बाटलीच्या किमतीवर कोणी जीएसटी लावला असेल तर ते बिल चुकीचं आहे. मात्र क्लबच्या सभासदत्वाची फी ही सेवा आहे, तिच्यावर १८ टक्के जीएसटी रास्त आहे. म्हणून बिलात सभासद फी आणि बाटल्यांची किंमत वेगवेगळ्या ओळींत दाखवायला सांगा. बाटलीमागची किंमत छापील एमआरपीच्या वर जाता कामा नये. "क्लब पॅकिंग" म्हणून ती वाढवता येत नाही.

आता पैसे कापण्याची पद्धत. पहिल्या पेटीवरची मोठी सूट म्हणजे आवळा देऊन कोहळा काढणं. समजा सहा बाटल्यांची पहिली पेटी २,७०० रुपयांना आणि त्यानंतरची दर महिन्याला ५,४००. पहिली पेटी स्वस्त पडली हे खरं, पण तीन पेट्यांची किमान अट असेल तर एकूण १३,५०० रुपये आणि १८ बाटल्या, म्हणजे बाटलीमागे ७५०. मग त्याच दर्जाची बाटली म्हापशाच्या दुकानात कितीला मिळते ते पाहा. तुलना नेहमी अशी, पूर्ण बांधीलकीच्या काळाची करायची. पोहोचवण्याचं शुल्क त्यात धरायला विसरू नका, कारण ते बहुतेकदा शेवटच्या पानावरच दिसतं.

आपल्याकडे कार्डावरून आपोआप पैसे कापायला रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. मॅन्डेट, म्हणजे आपोआप पैसे कापायला बँकेला दिलेली परवानगी, पहिल्यांदा नोंदवताना ओटीपी लागतो. त्यानंतर प्रत्येक वेळी पैसे कापण्याआधी किमान २४ तास बँकेने रक्कम आणि विक्रेत्याचं नाव कळवलं पाहिजे. क्लबसारख्या वर्गणीत १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम पुन्हा ओटीपी न मागता कापली जाते. हा संदेश येतो तेव्हा तो वाचा, कारण थांबवायची शेवटची सोपी संधी तीच असते. मॅन्डेट नोंदवताना कमाल मर्यादा विचारली जाते. पेटी ५,४०० ची असताना कित्येक ठिकाणी १५,००० आधीच भरलेले असतात. तो आकडा ६,००० करून घ्या. मग भाव गुपचूप वाढवले तरी मर्यादेपलीकडची रक्कम जाणार नाही.

नव्यानेच

संकेतस्थळावर "सभासदत्व रद्द" असं दिसतंय, तरी महिन्याअखेरीस पैसे गेले, अशी तक्रार बऱ्याच ठिकाणी वाचली. असं का होतं?

हिशेबनीस

@नव्यानेच, क्लबचं खातं आणि बँकेतलं मॅन्डेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लबकडचं खातं बंद झालं तरी बँकेकडचा हुकूम जिवंत राहू शकतो. दुसरं कारण तारखांचं. बऱ्याच क्लबांची पुढच्या पेटीची यादी पैसे कापण्याच्या पाच-सात दिवस आधी पक्की होते आणि त्यानंतर आलेली रद्द करण्याची विनंती त्याच्या पुढच्या फेरीपासून लागू धरली जाते. ही अट नियमावलीत असते, जाहिरातीत नसते.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी क्लबच्या खात्यातून रद्द करा आणि पडद्याचं चित्र तारखेसह जपून ठेवा. त्याच दिवशी तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, त्यात सभासद क्रमांक आणि "यापुढे कोणतीही रक्कम कापण्यास माझी संमती नाही" एवढं एक वाक्य पुरे. फोनवर सांगितलेलं धरू नका, फोनवरची माणसं "एक पेटी फुकट देतो" म्हणून थांबवतात आणि बोलण्याचा पुरावा राहत नाही. मग यूपीआय असेल तर अ‍ॅपमध्ये ऑटोपे उघडून चालू मॅन्डेट रद्द करा, तिथे पिन मागतो. कार्ड असेल तर बँकेच्या अ‍ॅपमधल्या ई-मॅन्डेट यादीतून काढा. एवढं करूनही पैसे गेले तर बँकेकडे त्या व्यवहारावर वाद नोंदवा आणि ईमेलची प्रत जोडा.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवं. आधीच टिकमार्क केलेल्या चौकटीला संमती मानता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नची (ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांची) जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत वर्गणीच्या सापळ्याचा वेगळा उल्लेख आहे: रद्द करणं अशक्य किंवा किचकट करणं, रद्द करण्याचा पर्याय लपवणं, फुकट चाचणीसाठी आधीच पैसे कापण्याची परवानगी घेणं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार करताना हा उल्लेख करा, मग प्रकरण "ग्राहकाचं समाधान झालं नाही" अशा मोघम खात्यात जात नाही. तरीही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही.

सात समुद्र

विलायतेतल्यांसाठी लिहितो. तिथे "क्लब" म्हणून तीन अगदी वेगळ्या पद्धती चालतात आणि अनुभवही त्याप्रमाणे वेगळे येतात.

एक, ठरावीक काळाने पेटी पाठवणारे. पहिली पेटी खूप स्वस्त, पुढची दर तीन महिन्यांनी आपोआप. सगळ्यात जास्त तक्रारी इथल्या. दोन, दरमहा ठरावीक रक्कम खात्यात जमा करायची आणि हवं तेव्हा तिच्यातून बाटल्या घ्यायच्या. २००८ साली सुरू झालेल्या नेकेड वाईन्सची पद्धत ही आहे. इथे पेटी आपोआप येत नाही, पण पैसे साचत जातात आणि लोक ते विसरतात. तीन, सभासदांच्या मालकीची संस्था. द वाईन सोसायटी १८७४ पासून चालू आहे, एकदाच ४० पौंडांचा भाग घ्यायचा, त्यानंतर काही विकत घेण्याची सक्ती नाही. आपल्या सहकारी संस्थांशी परिचय असलेल्यांना ही पद्धत लगेच समजते आणि माझ्या मते नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

साचलेल्या रकमेचा धोका समजून घ्या. अमेरिकेतल्या विंक या मोठ्या क्लबने डिसेंबर २०२२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. असं होतं तेव्हा खात्यातली शिल्लक अडकण्याची भीती असते. म्हणून एका पेटीहून जास्त रक्कम कधीच साचू देऊ नये.

विलायतेत दूरस्थ खरेदीला माल हाती आल्यापासून १४ दिवस रद्द करण्याचा हक्क आहे, तो न उघडलेल्या वाईनलाही लागू होतो. परत पाठवण्याचा खर्च मात्र बहुधा आपला, आणि बारा बाटल्यांची पेटी पंधरा ते अठरा किलो भरते, तो खर्च आधी विचारा. वाटेत फुटलं तर जबाबदारी विकणाऱ्याची, माल ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत. "शेजाऱ्याकडे ठेवा" किंवा "पोर्चमध्ये ठेवा" असं आपणच सांगितलं असेल तर हा मुद्दा कमजोर होतो.

अमेरिकेत पेटी घेताना २१ वर्षांवरील व्यक्तीची सही लागते. दिवसा घरी कोणी नसेल तर दोनतीन फेऱ्यांनंतर पेटी परत जाते आणि कित्येक क्लब परतीचं भाडं ग्राहकाकडून घेतात. पत्ता कार्यालयाचा द्यावा किंवा कुरिअरच्या केंद्रावर जाऊन घेण्याचा पर्याय निवडावा. सरकारी टपालाने तिथे दारू पाठवता येत नाही, तेव्हा टपालपेटीचा पत्ता चालत नाही.

आणि कृपया तिथल्या पेटीतून गोव्यात पार्सल मागवू नका. येताना सामानातून दोन लिटरपर्यंत, म्हणजे ७५० मिलीच्या दोनच बाटल्या, शुल्काशिवाय आणता येतात.

बूचबहाद्दर

कायदा आणि पैसा झाला. आता बाटलीवर या, कारण गोव्यात क्लबची खरी परीक्षा वाहतुकीत होते.

वाईन १२ ते १५ अंशांत सुखी राहते. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या टेंपोच्या आत तापमान ४५ च्या पुढे जातं. २० अंशांवरून ४० वर गेली की ७५० मिली वाईन साधारण पाच मिली फुगते. बुचाखाली मोकळी जागाही जवळपास तेवढीच असते. ती भरली की दाब बुचावर येतो, बूच अर्धा-एक मिलीमीटर वर सरकतं आणि कडेने वाईन झिरपते. रात्री थंड झाल्यावर तीच बाटली आत हवा ओढते. नुकसान होतं ते या दुसऱ्या टप्प्यात, पण ते दिसतं दोनतीन महिन्यांनी.

पेटी आली की बाहेरचा खोका आधी पाहा: ओला डाग, आंबूस वास, दबलेला कोपरा. उघडण्याआधी फोटो, उघडताना सलग व्हिडिओ. व्हिडिओमध्ये लेबलवरचा बॅच क्रमांक दिसला पाहिजे, नाहीतर "ही बाटली आमची नाही" असं उत्तर येतं. मग एकेक बाटली उजेडासमोर उभी धरा. एकाच लेबलच्या दोन बाटल्यांत वाईनची पातळी वेगळी असेल तर कमी पातळीची बाजूला ठेवा. मानेवर हात फिरवा, चिकट लागलं तर झिरपलेली आहे. बुचावरची टोपी हाताने फिरते का पाहा, फिरली नाही आणि खाली चिकटपणा असेल तर तीच खूण. बूच काचेच्या कडेच्या वर आलेलं असेल तर ती बाटली न उघडता बदलून मागा. तक्रारीची मुदत कुठे ४८ तास, कुठे सात दिवस असते. "महिन्याने उघडली तेव्हा कळलं" हे कोणी ऐकून घेत नाही. म्हणून प्रत्येक पेटीतली एक बाटली त्याच आठवड्यात उघडावी, हा माझा आग्रह आहे.

एवढ्यासाठीच गोव्यात शक्य तिथे आट्यांच्या झाकणाची बाटली मागा. देशी वाईनमध्ये ती भरपूर मिळते. बुचाची बाटली भारीच असते ही समजूत सोडून द्या. आट्यांचं झाकण उष्णतेत कमी दगा देतं आणि बुचामुळे येणारा दोष त्यात जवळपास नसतोच.

पेटी मागवायचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च ते मे मागवायचीच असेल तर पाठवणी सोमवार-मंगळवारी ठेवायला सांगा. शुक्रवारी निघालेली पेटी शनिवार-रविवार गोदामाच्या पत्र्याखाली पडून राहते. पावसाळ्यात धोका वेगळा: खोका दमटपणाने मऊ होतो आणि तळ सुटतो. सहा बाटल्यांचं वजन आठ-नऊ किलो असतं, तेव्हा खोका खालून हात देऊन उचला. आत कागदी लगद्याचे साचे असतील तर उत्तम, नुसते पुठ्ठ्याचे उभे-आडवे कप्पे वळणावळणाच्या रस्त्याला पुरत नाहीत.

पारिजात

बूचबहाद्दरभाऊ, उत्तम माहिती. घरी ठेवण्याचं काय? आणि बाटलीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर ती परत करावी का?

बूचबहाद्दर

पारिजातताई, ते खडे काच नव्हेत. टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक आहेत, थंडीत तयार होतात, निरुपद्रवी असतात. बाटली काही तास उभी ठेवून शेवटचे दोन घोट बाटलीतच राहू द्या. परत करण्यासारखे दोष वेगळे आहेत. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद कपाटाचा वास आणि फळाचा वास पार गेलेला: हा बुचाचा दोष. नेलपॉलिश काढायच्या द्रावासारखा वास: आम्ल बिघडलेलं. पांढरी वाईन तपकिरी आणि कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास: हवा लागलेली. लाल वाईन शिजवलेल्या मुरांब्यासारखी आणि चवीला बोथट: उन्हात तापलेली. नुकत्याच पेटवलेल्या काडीचा वास मात्र दोष धरू नका, ओतून पंधरा-वीस मिनिटं ठेवली की जातो.

घरी ठेवायला स्वयंपाकघराचं वरचं कपाट सगळ्यात वाईट. उत्तरेच्या भिंतीलगत खाली, जुन्या घरात कोठीच्या खोलीत जमिनीलगत ठेवलेलं बरं, तरी मे महिन्यात तेवढ्याने भागत नाही. वाईनचा फ्रिज घेणार असाल तर कॉम्प्रेसरचाच घ्या. स्वस्तातले थर्मोइलेक्ट्रिक फ्रिज खोलीच्या तापमानापेक्षा साधारण दहा-पंधरा अंशच खाली नेतात, ३४ अंशांच्या खोलीत ते २०-२२ वर अडकतात आणि दिवसभर चालत राहतात. १३-१४ अंशांवर लावा, मागे चार बोटं हवा खेळायला जागा सोडा. वीज गेली तर दार उघडू नका, भरलेला फ्रिज काही तास टिकतो. पावसाळ्यात लेबलांवर बुरशी येते, तिने वाईनला काही होत नाही.

फ्रिज नसेल तर सहा बाटल्यांची पेटी दीड-दोन महिन्यांत संपवायची असाच हिशेब ठेवा. नेहमीच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पांढरी वाईन काही महिने खुशाल राहते. लाल वाईन देण्याआधी काही वेळ फ्रिजमध्ये घाला. गोव्यातली खोली ३० अंशांची असते, लाल वाईनला १६ ते १८ हवेत.

आग्वाद

पेटीत काय येतं यावर कोणी लिहिलं नाही. तिथे जास्त सावध राहावं लागतं.

क्लबांना दोन प्रकारचा माल खपवायचा असतो: त्यांच्याच नावाची खास लेबलं आणि जुना साठा. खास लेबल दुसरीकडे कुठेच मिळत नसल्यामुळे "मूळ किंमत १,४००, तुम्हाला ७००" या दाव्याची शहानिशा होत नाही. अशा लेबलवर उत्पादकाचं नाव आणि गाव बारीक अक्षरात असतं ते वाचा, वायनरी ओळखीची असेल तर तिच्याच दुसऱ्या बाटलीशी भाव ताडून पाहा. उत्पादकाचं नाव सापडतच नसेल तर मूळ किमतीच्या दाव्यावर विसंबू नका.

जुन्या साठ्याची गोष्ट पांढऱ्या वाईनला जास्त लागू. नाशिककडे द्राक्षतोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. सॉव्हिन्यों ब्लां, शेनिन ब्लां या वाईन ताज्याच चांगल्या, तोडणीपासून दीड-दोन वर्षांत पिऊन टाकाव्यात. सवलतीच्या पेटीत तीन-चार वर्षांपूर्वीची पांढरी बाटली आली तर सवलत कशाची होती ते कळतं. मागवताना "मिश्र पेटी" घेऊ नका, वर्षासकट यादी मागा. देशी लाल वाईनमध्ये अकलूजच्या फ्रातेल्लीची सेत्ते, ग्रोव्हरची ला रिझर्व्ह, सुलाची रासा अशा बाटल्या थोडं वय सोसतात, तिथे दोन-चार वर्षं जुनी असणं दोष नव्हे. त्यांचं दुकानातलं मोल सहज कळतं, म्हणून पेटीत असं एखादं ओळखीचं नाव असलं की बाकीच्यांचा भाव जोखायला मदत होते.

परदेशी बाटल्यांचं गणित निराळं. आयात शुल्क १५० टक्के: २०२१ पासून ५० मूळ शुल्क आणि १०० कृषी अधिभार. वर राज्याचा कर. म्हणून "युरोपातल्या सहा देशांची सफर" अशा पेटीत ग्राहक बव्हंशी कराचे पैसे मोजतो आणि हाती येते ती तिथल्या वाणसामानाच्या दुकानातली साधी बाटली. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारामुळे डिसेंबर २०२२ पासून बाटलीची आयात किंमत पाच डॉलरच्या वर असेल तर शुल्क १०० टक्क्यांवर आणि पंधरा डॉलरच्या वर असेल तर ७५ टक्क्यांवर आलं, पुढे टप्प्याटप्प्याने आणखी उतरतं. परदेशी हवीच असेल तर मधल्या किमतीची ऑस्ट्रेलियन बाटली आज जास्त परवडते.

किसमूर

पेटीबरोबर येणारं चवीचं कार्ड बाजूला ठेवा, ते चीज आणि भाजलेल्या मांसाच्या जेवणासाठी लिहिलेलं असतं. आपल्या ताटात नारळ, कोकम, मिरची आणि बांगडा. मिरचीवर जास्त तुरट लाल वाईन घेतली की जाळ वाढतो, तेलकट माशाबरोबर तीच तोंडात लोखंडासारखी लागते. हुमणाला (माशाच्या कालवणाला) किंचित गोडसर शेनिन ब्लां, रवा लावून तळलेल्या इसवणाला (सुरमईला) सॉव्हिन्यों ब्लां किंवा कोरडी रोझे (गुलाबी वाईन). कोकमाचा आंबटपणा तीव्र असेल तर वाईन त्याहून आंबट हवी, नाहीतर पाणचट लागते. मडगावकडची गोड पोर्ट ही जेवणाबरोबरची नव्हे, बेबिंका किंवा दोदोलबरोबर अर्धा पेला ठीक. क्लबच्या प्रश्नावलीत "तिखट खाता का" विचारलं तर खरं उत्तर द्या. "काळी कॉफी आवडते का" या प्रश्नावरून ते तुरट लाल वाईन पाठवतात, आणि माशाच्या घरात तीच पडून राहते.

मांडवीकाठ (धागाकर्ता)

मग गोव्यात राहणाऱ्याने क्लब घ्यावाच का? इथे भाव शेजारच्या राज्यांपेक्षा कमी, दुकानं हाकेच्या अंतरावर.

गल्लेवाला फोंडा

संकेतस्थळाच्या क्लबपेक्षा ओळखीच्या दुकानाशी मासिक पेटी ठरवणं इथे जास्त फायद्याचं, असं माझं ठाम मत आहे. सहा बाटल्या: दोन पांढऱ्या, एक रोझे, दोन लाल, एक फसफसती. त्यांतल्या चार दुकानदाराने निवडायच्या, दोन तुम्ही. व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी ठरवा: बाटलीमागे कमाल किंमत, पांढरीचं वर्ष, बुचाच्या दोषाची बाटली सात दिवसांत बदलून, पैसे पेटी हातात आल्यावर. आगाऊ वर्गणी नाही, मॅन्डेट नाही. पेटीवर किती सूट द्यायची ते दुकानदारावर असतं. ती थोडी कमी मिळाली तरी चालेल, पण माल घाऊक विक्रेत्याकडून आल्या आठवड्यात द्यायला सांगा. काचेच्या दाराआड ट्यूबलाइटखाली वर्षभर उभी असलेली बाटली सवलतीत मिळाली तरी घेऊ नका. दुकानात जाऊन एकदा पाहा: एसी रात्री बंद होतो का, खोके पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर ठेवतात का. हे विचारलेलं चांगल्या दुकानदाराला आवडतं.

आग्वाद

सहमत, एका अटीवर. दुकानदाराला वाईनची गोडी असली पाहिजे. ज्याचा धंदा बियर आणि व्हिस्कीवर चालतो तो दर महिन्याला त्याच सहा बाटल्या देईल. तसं झालं तर वायनरीची स्वतःची सभासद योजना बरी. गोव्यात तिचा अधिकृत वितरक असेल तर नवं वर्ष बाजारात आलं की आधी कळतं.

नव्यानेच

अशी पेटी सावंतवाडीला बहिणीकडे पाठवता येईल का? तासाभराचा तर रस्ता आहे.

गल्लेवाला फोंडा

नाही. पत्रादेवी ओलांडली की महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा लागू. महाराष्ट्राचं शुल्क न भरलेली, गोव्यातच विक्रीसाठी असलेली बाटली इन्सुलीच्या नाक्यावर सापडली तर माल आणि गाडी दोन्ही जप्त होऊ शकतात, भेट आहे की धंदा हे नंतर पाहतात. सावंतवाडीतल्याच परवानाधारक दुकानात पैसे भरून तिथूनच द्यायला सांगा. तिथे बहिणीकडे पिण्याचा परवाना मागू शकतात.

पारिजात

शेवटचा प्रश्न. श्रावण सुरू झाला की चतुर्थी होईपर्यंत घरात बाटली येऊ द्यायची नसते. क्लबला मधले दोन महिने थांबवता येतात का?

हिशेबनीस

बहुतेक ठिकाणी "एक पेटी वगळा" असा पर्याय असतो, पण तो एका वेळी एकाच फेरीला लागू होतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा दाबावा लागतो. श्रावण सुरू होण्याच्या किमान दहा दिवस आधी वगळा, कारण यादी पैसे कापण्याच्या आठवडाभर आधी पक्की होते. यूपीआय ऑटोपेत मॅन्डेट तात्पुरतं थांबवण्याची सोय दिसली तर तारखा घालून तेही करा, म्हणजे क्लबने विसरून विनंती पाठवली तरी पैसे जाणार नाहीत. वार्षिक वर्गणी आगाऊ भरलेली असेल तर वगळलेल्या पेट्या वर्षाच्या शेवटी जोडून मिळतात की बुडतात, हे भरण्याआधी लेखी विचारा. बुडत असतील तर ज्या घरात श्रावण पाळला जातो तिथे वार्षिक योजना घेऊच नये, मासिकच घ्यावी.